खुळखुळ्याला लावायचं काय?

मी चिडका आहे, असं आमच्या बिल्डिंगमध्ये सर्वमान्य आहे. रिटायर झाल्यापासून जास्तच चिडतो, असं माझी बायको शोभा सांगत फिरते. हे साफ खोटं आहे. मी पहिल्यापासून एवढाच चिडतो. फरक इतकाच की विमा कंपनीच्या दावे विभागात होतो तोवर मला चिडण्याचा पगार मिळायचा, आणि आता तेच काम मी फुकट करतो. कागदावरची बारीक अक्षरं वाचायची आणि समोरच्याला विचारायचं, 'याचा अर्थ काय?' एवढंच माझं आयुष्यभराचं काम. या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस आपल्या देशात का मिळत नाही, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. मीच केलं असतं, पण मध्ये खुळखुळा आला.

आमची मिताली आणि जावई स्वानंद कामोठ्यात राहतात. दोघं नोकरीला जाताना नातीला आमच्याकडे नवीन पनवेलला सोडतात. नातीचं कागदोपत्री नाव भारदस्त आहे, घरात ती ठकू. ठकूला तेव्हा दात येत होते, म्हणजे जे हाताला लागेल ते तोंडात. माझा चष्मा, रिमोट, शोभाचा पदर, एकदा तर दूधवाल्याचा अंगठा.

एका सकाळी ती तिचा प्लास्टिकचा पोपट चावत बसली होती. बटण दाबलं की तो पोपट इंग्रजीत आकडे म्हणायचा. मी पेपरातून डोकं वर काढलं तर पोरीचं तोंड लालभडक. हिरड्या लाल, हनुवटी लाल, झबल्यावर लाल ओघळ. मी तिला उचलली आणि निघालो. जिना कसा उतरलो, रिक्षावाल्याला काय सांगितलं, काही आठवत नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात शोभाची. डॉक्टरांनी ओल्या कापसाने ठकूचं तोंड पुसलं, कापूस माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "रंग आहे. पोपटाच्या चोचीचा."

मी विचारलं, या रंगात असतं काय. डॉक्टर म्हणाले, सगळी मुलं असंच चावून मोठी होतात, एवढ्याशाने काही होत नाही. खेळण्यांच्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, काका, माल इम्पोर्टेड आहे, काही होत नाही. स्वानंदला फोन केला. तो म्हणाला, बाबा, रिव्ह्यू चांगले होते, काही होणार नाही. रंगात काय आहे हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, पण त्याने काही होत नाही हे तिघांनाही पक्कं माहीत होतं. माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी लाल शाईने परत पाठवला असता.

त्याच दुपारी मी जाहीर केलं की ठकूचं खेळणं मी स्वतः करणार. लाकडाचा खुळखुळा. मधे मूठ आणि मुठीवर त्याच लाकडातून कातून काढलेल्या दोन सुट्या कड्या. गोंद नाही, खिळा नाही, आत मणी नाहीत. पुढच्या महिन्याच्या अखेरीस ठकूचं उष्टावण होतं. आजोबांनी केलेला खुळखुळा त्या दिवशी तिच्या हातात द्यायचा. शोभाने एवढंच विचारलं की मी आयुष्यात कधी भिंतीत सरळ खिळा तरी मारला आहे का. मी त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं.

वरच्या मजल्यावर देवेश नावाचा तरुण राहतो. घरूनच नोकरी करतो, म्हणजे दिवसभर मोकळा असतो. त्याने मला ऑनलाइन एक छोटं लेथ मशीन मागवून दिलं. ते बाल्कनीत बसवलं. लाकूड यंत्रात आडवं गरगर फिरतं आणि आपण पटाशी टेकवून त्याला आकार द्यायचा. व्हिडिओत हे काम करणारा माणूस ध्यानाला बसल्यासारखा शांत दिसत होता. माझ्या हातून पहिली कडी सुटली ती बाल्कनीच्या कठड्यावरून जाऊन खालच्या मजल्यावरच्या गंगाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत पडली. दुसरीने आमची लोणच्याची बरणी फोडली. पुढच्यांचा हिशोब मी ठेवला नाही, शोभाने ठेवला आहे.

पण खरी कटकट लाकडाची नव्हतीच असं म्हणणार होतो, तर तेही खरं नाही. लाकडाचीही होतीच.

माझ्या ऑफिसात काशिराम होता. मूळचा उरणकडचा कोळी, आता कामोठे गावात मोठं अंगण असलेलं घर बांधून राहतो. माझ्याबरोबरच रिटायर झाला. माझा राग सहन करूनही माझ्याशी बोलणारा तो एकटाच. मला लाकूड हवंय हे त्याला कळलं आणि तो टेम्पो भरून फळ्या घेऊन आला. कोन गावच्या गोदामांकडे बंदरातला माल येतो, त्याच्या खालच्या मोडलेल्या पॅलेटच्या फळ्या. लाकूड फिकट, सुरेख, परदेशी. मी हरखून गेलो. मग सवयीप्रमाणे फळी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. कडेला शिक्का होता आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं. देवेशने फोनवर शोधून सांगितलं की त्या अक्षरांचा अर्थ, या लाकडातले किडे विषारी धुरी देऊन मारलेले आहेत.

मी काशिरामला म्हटलं, हे लाकूड माझ्या नातीच्या तोंडात जाणार आहे. काशिराम दुखावला.

"आमी त्याच फल्यांचं टेबल केलाय. रोज त्याच्यावर जेवतो," तो म्हणाला. "काय झालाय आमाला? काय नाय होत, साहेब."

इतक्या वर्षांची ओळख, आणि तोही तेच वाक्य बोलला. मी त्याला टेम्पो परत न्यायला सांगितलं. टेम्पो गेलेला होता. फळ्या मग आमच्या पार्किंगमध्ये पडल्या आणि तिथून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी चंद्रावती मॅडम या गोष्टीत आल्या. मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की साठी उलटलेला माणूसही हात मागे बांधतो. त्यांनी फलकावर खडूने सूचना लिहिली, 'पार्किंगमध्ये जळाऊ लाकूड साठवू नये.' जळाऊ. मी खाली जाऊन तो एक शब्द पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता, अधोरेखित.

काशिरामने फळ्या एकदाच्या नेल्या. मी लाकडाच्या वखारीत गेलो. तिथला माणूस प्रत्येक ओंडक्यावर हात ठेवून 'सागवान' म्हणत होता. पांढऱ्यालाही सागवान, तांबड्यालाही सागवान. शेवटी मी त्याच्याशी एवढं भांडलो की मला घालवण्यासाठी त्याने आतून शिवणीचा एक तुकडा आणून दिला. फिकट, हलका, वास जवळजवळ नाहीच. धूळही नाकाला झोंबली नाही. लाकूड मिळालं. कातून कातून एकदाचा त्याचा खुळखुळाही झाला, दोन्ही कड्या शाबूत. आता फक्त पॉलिश.

या 'फक्त'ने माझा पुढचा सगळा महिना खाल्ला.

रंगाच्या दुकानात मला एक डबा दिला. त्यावर समोर गुबगुबीत बाळ हसत होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'चाइल्ड-सेफ'. डबा मागे फिरवला. मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'लहान मुलांपासून दूर ठेवा'. मी दुकानदाराला दोन्ही बाजू दाखवल्या. तो म्हणाला, काका, ते सगळ्यांवरच लिहितात. मी विचारलं, यातलं कुठलं सगळ्यांवर लिहितात, पुढचं की मागचं? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

डब्यावर ग्राहक सेवेचा नंबर होता. खूप वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली, अतिशय गोड. मी विचारलं, बाळाने हे चाटलं तर चालेल का. ती म्हणाली, सर, आमचं प्रॉडक्ट पूर्णपणे चाइल्ड-सेफ आहे. म्हणजे चाटलं तर चालेल? सर, ते चाटण्यासाठी नाही. मी म्हटलं, बाई, खुळखुळ्याला लावायचंय, बाळ खुळखुळा चाटणारच, ते काय तो वाचत बसणार आहे का. मग ती म्हणाली की पूर्ण वाळल्यावर सेफ आहे. पूर्ण वाळायला किती दिवस? ते सर, वातावरणावर. मी म्हटलं, पनवेलचं वातावरण, आता उन्हाळा, खाडीचा दमट वारा, धरा. तिने काहीतरी टाइप केलं आणि सांगितलं की माझी तक्रार नोंदवली आहे. मी तक्रार केलीच नव्हती, मी प्रश्न विचारला होता. संध्याकाळी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.' तो मेसेज मी शोभाला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, भाजी चिरताना ओरडू नका, बोट कापेल.

नारळाचं तेल लावावं असं शोभाचं मत. लावून पाहिलं. आठवड्यात तुकड्याला असा खवट वास सुटला की ठकूने तो हुंगून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग देवेशने परदेशी लोकांचं वाचून सांगितलं की लाकडी पोळपाट-चमच्यांना तिकडे एक शुद्ध खनिज तेल लावतात, औषधाच्या दुकानात मिळतं, नाव लिक्विड पॅराफिन.

मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेलो. संध्याकाळची गर्दी. मी बाटली मागितली. तो म्हणाला, कशासाठी हवंय.

"लाकडासाठी," मी म्हटलं.

त्याने अत्यंत सहानुभूतीने मान हलवली. "होतं असं या वयात," तो म्हणाला. "झोपताना दोन चमचे घ्या. किती दिवस झाले?"

ते जुलाबाचं औषध आहे हे मला कुणी सांगितलं होतं? माझ्यामागे गंगाबाई उभ्या होत्या. मी तिथल्या तिथे खुळखुळ्याचं समजावून सांगायला लागलो, आणि जितकं सांगत गेलो तितकी दुकानातल्या लोकांची खात्री पटत गेली की म्हातारा लाजतोय. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला पपई लटकलेली होती. मग कुणीतरी भिजवलेल्या मनुका आणून दिल्या. लिफ्टमध्ये चंद्रावती मॅडमनी वर आकडे पाहत मला सांगितलं, "दीनानाथराव, फायबर वाढवा." मी जिन्याने जायला लागलो तर लोक म्हणाले, बरोबर आहे, चालणं चांगलं.

आणि एवढं सोसून बाटली घरी आणली तर शोभा म्हणाली, "पोरगी दिवसभर चोखणार, आणि लावताय जुलाबाचं औषध?" माझ्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्यांचा मला राग येतो, पण मला निरुत्तर करणाऱ्यांचा जास्त येतो. बाटली न्हाणीघरातल्या फडताळात ठेवली. ती तिथे पाहून पाहुण्यांचाही समज पक्का झाला.

त्यानंतर अळशीचं तेल. हार्डवेअरवाल्याने दिलं ते 'डबल बॉइल्ड'. मला वाटलं, दोनदा उकळलेलं, म्हणजे दुधासारखं, जंतू मेलेले. एका फालतू तुकड्यावर लावून पाहिलं, जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसलं, चिंध्या शोभाच्या प्लास्टिकच्या बादलीत कोंबल्या आणि मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले होते. मी चिडून पंखा लावला आणि आडवा झालो.

जाग आली ती खोकल्याने. बाल्कनीतून काळा धूर येत होता. बादली वितळून खाली बसली होती आणि तिच्या मधोमध माझी बनियन लालबुंद धुमसत होती. तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या की आपोआप तापतात आणि पेट घेतात. हे शास्त्र आहे. हे मला नंतर कळलं. आमचा वॉचमन जिन्यातली वाळूची बादली घेऊन धावत आला आणि त्याने ती ओतली. तिच्यात वाळू कमी आणि विड्यांची थोटकं जास्त होती. आग विझली. पण धूर पाहून वर आलेल्या मंडळींनी आमच्या बाल्कनीत जे पाहिलं ते असं: जळालेली बादली, राख आणि विड्यांच्या थोटकांचा ढीग.

कमिटीची तातडीची सभा आमच्याच हॉलमध्ये भरली. मी शास्त्र समजावून सांगितलं.

"म्हणजे चिंध्या आपोआप पेटल्या," चंद्रावती मॅडम म्हणाल्या.

"हो."

"कुणी काडी न लावता."

"हो."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं गृहपाठ कुत्र्याने खाल्ला म्हणणाऱ्या मुलाकडे पाहतात. मग शोभाकडे वळून त्या हळूच म्हणाल्या की विड्या सोडवायला आता चांगल्या गोळ्या मिळतात. मी आयुष्यात विडी ओढलेली नाही. हे मी उभा राहून, आवाज चढवून सांगितलं. आवाज चढवल्यावर माणूस अधिकच दोषी दिसतो, हे दावे विभागात मला माहीत होतं. स्वतःवर वेळ आल्यावर आठवलं नाही.

ठराव झाला की या फ्लॅटमध्ये कारखाना चालत नाही असं महापालिकेचं पत्र आणेपर्यंत लेथ बंद. मी गेलो. खिडकीवरच्या माणसाने कारखान्याचा परवाना मागितला. मी म्हटलं, कारखाना नाही, तेच तर लिहून हवंय. तो म्हणाला, नसल्याचा दाखला आमच्याकडे नाही, असल्याचा आहे. असेल तो बंद केल्याचाही आहे. तेव्हा आधी परवाना काढा, मग धंदा बंद केल्याचं कळवा, मग आम्ही बंद असल्याचं पत्र देतो. तो थट्टा करत नव्हता. तो मला खरोखर मदत करत होता, आणि त्यामुळे मला जास्त संताप आला. मी तिथे काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या एवढंच सांगतो. पत्र अर्थातच मिळालं नाही.

शेवटी काशिराम त्याच टेम्पोतून लेथ त्याच्या अंगणात घेऊन गेला. फळ्यांवरून मी त्याला जे बोललो होतो त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. फक्त लेथ ठेवायला त्याने तेच पॅलेटचं टेबल पुढे केलं. आणि पहिल्याच दिवशी तो माशाच्या तेलाचा डबा घेऊन आला. होडीला लावतात, लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात कुजत नाही. मी झाकण उघडलं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, वास जातो, साहेब. मी विचारलं, किती दिवसांनी. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याच्या होडीचा अजून गेलेला नाही.

यानंतर मला लाख सापडली. खरी, किड्यांची लाख. चकाकणाऱ्या चॉकलेटवर आणि औषधाच्या गोळ्यांवर हीच असते. पोटात गेली तरी चालते. अखेर एका गोष्टीला सरळ उत्तर होतं, आणि मला आनंदाने भरून आलं. लाखेचे चपटे पापुद्रे एका जुन्या दुकानात मिळालेही. फक्त ती स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. हार्डवेअरच्या स्पिरिटमध्ये विष मिसळलेलं, लोकांनी पिऊ नये म्हणून. केमिस्टच्या स्पिरिटमध्येही तेच, आणि शिवाय त्या केमिस्टकडे मला जायचं नव्हतं. शुद्ध अल्कोहोलला सरकारी परवाना लागतो. परवाना हा शब्द मी त्या आठवड्यात पुन्हा ऐकूच शकत नव्हतो.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा वाइन शॉपच्या रांगेत उभा राहिलो. रुमाल तोंडावर. सगळ्यात कडक, बिनरंगाची, बिनवासाची द्या, असं मी हळू आवाजात म्हटलं. दुकानदाराने ते आत मोठ्याने ओरडून सांगितलं. वळलो तर मागे देवेश. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, एवढं टेन्शन असेल तर सांगायचं होतं."

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. पोट साफ नाही, चोरून विड्या ओढतो, आग लावतो, आता पितोसुद्धा. शोभाला खरं माहीत होतं, आणि तरी ती मला म्हणाली की लोकांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

व्होडकात लाख विरघळत नाही. तिच्यात पाणी फार. काशिरामच्या अंगणात बरणीत मी ती ढवळत बसलो आणि तिचा एक पिवळा, चिवट, च्युइंगमसारखा गोळा झाला. आशेपोटी मी तसाच थोडा खुळखुळ्याच्या मुठीला फासला. तो धड बसेना, धड निघेना. उरलेल्या बाटलीची काळजी काशिरामने घेतली.

तेवढ्यात मिताली ठकूला घेऊन आली. उद्या उष्टावण होतं, तिला माझे कपडे आणि मी, दोन्ही वेळेवर हवे होते. तिने टेबलावर पाहिलं. पॉलिशचा डबा, अळशीचं तेल, लाखेची बरणी, व्होडकाची रिकामी बाटली, आणि मध्ये चिकट, केस लागलेला, कळकट दिसणारा खुळखुळा. मी तिला एकेकाची हकीकत सांगायला लागलो. केमिस्ट कसा मूर्ख, मॅडम कशा दुष्ट, कंपनी कशी लबाड. ती ऐकत उभी राहिली. ऑफिसातून आली होती, दमलेली होती, पोर कडेवर चुळबुळत होती.

"बाबा," ती म्हणाली, "हे ठकूसाठी चाललंय की भांडणासाठी?"

आणि ती गेली. तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

मला सांगायला लाज वाटत नाही की त्या क्षणी मी सगळ्यात जास्त चिडलो. डॉक्टरवर, त्या पोपटावर, गोड मुलीवर, मॅडमवर, आणि मितालीवर तर फारच, कारण तिचं बरोबर होतं की काय अशी शंका आली होती. मी खुळखुळा लेथवर चढवला. पटाशीने सगळी घाण खरवडून काढली, पार आतलं पांढरं लाकूड लागेपर्यंत. पॉलिश पेपरने घासला, मग आणखी बारीक कागदाने, मग त्याहून बारीक. हाताशी कागद संपला. खाली शिवणीच्या ढलप्यांचा ढीग पडला होता. मी रागाच्या भरात त्यातलीच मूठभर उचलली आणि फिरत्या लाकडावर दाबून धरली, जणू लाकडाचाच गळा धरलाय.

थोड्या वेळाने हाताला ऊब लागली. मशीन बंद केलं तर खुळखुळ्याची मूठ चकाकत होती. काचेसारखी भडक चकाकी नव्हे. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या जुन्या लाटण्याला असते तशी. लाकडाला लाकडाने घासलं, एवढंच. मी त्याला दुसरं काही लावलं नव्हतं. मग कड्याही तशाच घासल्या. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, उठलेले तंतू पुन्हा घासले. काशिराम येऊन पाहून गेला आणि आता यावर थोडं माशाचं तेल फिरवलं तर मजबूत होईल असं म्हणाला. त्याला बोलण्यापुरताही राग हातात उरला नव्हता.

उष्टावणाला आमचा हॉल भरला. स्वानंदच्या घरची माणसं, गंगाबाई, देवेश, काशिराम नवा शर्ट घालून, आणि चंद्रावती मॅडम. खीर झाली, चांदीची वाटी झाली, मामाच्या जागी चुलतमामाने पहिला घास भरवला. मग मी खिशातून खुळखुळा काढला.

तो हातोहात फिरला. सुंदर झालाय, असं सगळे म्हणाले, आणि मग प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, पॉलिश कुठलं. मी म्हटलं, काही नाही लावलेलं. गंगाबाई म्हणाल्या, मग अर्धवटच राहिलं म्हणायचं. देवेश म्हणाला, काका, डाग पडतील, एक हात मारून घ्या ना कसला तरी. मॅडमनी तो चष्म्याजवळ धरून तपासला आणि म्हणाल्या की काहीच लावलं नसेल तर सुरक्षित कसा म्हणायचा, वर सर्टिफिकेट हवं. महिनाभर ज्या प्रश्नासाठी मी दारोदार फिरलो तो प्रश्न आता हेच लोक मलाच विचारत होते. मी तोंड उघडलं. शोभाने डोळे मिटून घेतले.

मितालीने मॅडमच्या हातातून खुळखुळा घेतला. तिने तो सरळ स्वतःच्या तोंडात घातला. मूठ चाटली, दाढेखाली धरून चावली, कडी ओठांनी ओढून पाहिली, सगळ्या पाहुण्यांसमोर, भरजरी साडीत. मग पदराने पुसला.

"लाकडासारखा लागतो," ती म्हणाली, आणि तिने तो ठकूच्या हातात दिला. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. मी तोंड मिटलं.

ठकूने खुळखुळा दोन्ही हातांनी धरला. एकदा हलवला, कड्या टकटकल्या. मग तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्या मुठीत नुकता उगवलेला आपला एकुलता एक दात असा रोवला की जणू तिलाही सकाळपासून कुणाचा तरी भयंकर राग आला होता.